८०८५ मायक्रोप्रोसेसर: डेटाशीट वाचत ब्रेडबोर्डवर उभारायचा संगणक

महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या अनेक पिढ्यांनी इंटेलचा ८०८५ प्रयोगशाळेतल्या किटवर पाहिलेला आहे. सोळा आकडी कळफलकावरून कोड भरायचा, चालवण्याची कळ दाबायची आणि दोन संख्यांची बेरीज लाल अंकांत वाचायची, एवढ्यावर बहुतेकांची ओळख थांबते. किटवर घड्याळ (प्रोसेसरला ठोके देणारा संकेत), रीसेट, लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप), डीकोडर (पत्त्यावरून मेमरी निवडणारी चिप) आणि मेमरी आधीच जोडलेली असल्यामुळे प्रोसेसरला जिवंत ठेवण्यासाठी नेमके काय लागते, हे विद्यार्थ्याला कधी दिसत नाही. पिनांची आकृती परीक्षेपुरती पाठ होते. मात्र त्या पिना तशा का आहेत, हा प्रश्न मनात येतच नाही.

या लेखात किट बाजूला ठेवून सुटा ८०८५ ब्रेडबोर्डवर टप्प्याटप्प्याने चालू करायचा आहे. प्रत्येक टप्प्याला डेटाशीटमधली (उत्पादकाने दिलेल्या चिपच्या माहितीपत्रकातली) एखादी संख्या आधी समजून घ्यायची, मग तेवढेच भाग जोडायचे, ते चालल्याची खात्री करायची आणि त्यानंतरच पुढचा भाग हाती घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. सगळे एकदम जोडून वीज देणारा माणूस दोष शोधण्यातच दमून जातो, म्हणून हा क्रम सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लिहिण्याच्या सोयीसाठी एक खूण ठरवून घेऊ. षोडशमान संख्यांच्या शेवटी 'एच' लावला आहे आणि दहा ते पंधरा या किमती ए, बी, सी, डी, ई, एफ या अक्षरांनी दाखवल्या आहेत. पिन 'खाली' म्हणजे तिच्यावर ० आणि 'वर' म्हणजे १.

हा प्रोसेसर असा का घडला

इंटेलने १९७४ साली ८०८० बाजारात आणला. तो यशस्वी झाला, पण वापरायला अवघड होता. त्याला +५, −५ आणि +१२ अशा तीन व्होल्टेजांचा पुरवठा लागे, दोन कलांचे घड्याळ बाहेरून द्यावे लागे, आणि त्यासाठी ८२२४ ही घड्याळाची व ८२२८ ही नियंत्रणाची अशा आणखी दोन चिप शेजारी बसवाव्या लागत. ८०८० घडवणाऱ्यांपैकी फेदेरिको फॅजिन आणि मासातोशी शिमा पुढे झायलॉग या नव्या कंपनीत गेले आणि १९७६ मध्ये त्यांचा झेड८० आला. त्याच वर्षी इंटेलने ८०८५ आणला. त्यात सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर होते, आणि नावातला शेवटचा ५ एकाच ५ व्होल्ट पुरवठ्याकडे बोट दाखवतो.

चिप ४० पिनांचीच ठेवायची होती. घड्याळाचा ऑसिलेटर आणि नियंत्रणाचे संकेत आत आणायचे, चार नवे इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरे करायला लावणारे संकेत) द्यायचे, शिवाय एका-एका बिटाने माहिती पाठवण्या-घेण्याची सोयही करायची, म्हणजे पिना कुठून तरी वाचवणे भाग होते. त्यासाठी १६ बिटांच्या पत्त्यातले खालचे ८ बिट आणि ८ बिटांचा डेटा एकाच आठ पिनांवरून पाळीपाळीने नेण्याचा मार्ग इंटेलने निवडला. डेटाशीटमध्ये एडी० ते एडी७ असे लिहिलेले असते ते याच पिनांसाठी. त्यांच्यावर आत्ता पत्ता आहे की डेटा, हे बाहेरच्या जगाला कळावे म्हणून एएलई ही स्वतंत्र पिन दिली. ८०८५ शिकताना जे जे किचकट वाटते, त्यातले निम्मे तरी या एका निर्णयातून आलेले आहे.

आज्ञांच्या बाबतीत मात्र फार बदल नव्हता. ८०८० साठी तयार झालेला कोड ८०८५ वर चालतो, आणि अधिकृतपणे रिम आणि सिम या दोनच नव्या आज्ञा जाहीर झाल्या; इंटरप्ट झाकणे-उघडणे आणि एका-एका बिटाची देवाणघेवाण यांसाठी त्या आहेत. आत आणखी दहा आज्ञा प्रत्यक्षात काम करतात, पण इंटेलने त्या आपल्या कागदपत्रांत कधी सांगितल्या नाहीत. अभ्यासासाठी त्या रंजक आहेत. पण कायमच्या वापराच्या कार्यक्रमात त्या घालू नयेत.

जोडणीआधी वाचायच्या संख्या

डेटाशीट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही, पण पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट पुरवठ्याची. मूळ ८०८५ए ला ५ व्होल्ट अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात आणि तो जास्तीत जास्त १७० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे जवळजवळ ०.८५ वॉट उष्णता त्या एका चिपमध्ये निर्माण होऊ शकते. चिप हाताला कोमट लागली तर घाबरू नये, चटका बसला तर मात्र वीज लगेच बंद करावी.

दुसरी गोष्ट घड्याळाची. क्रिस्टलच्या वारंवारतेला आत दोनने भागले जाते आणि त्यातून प्रोसेसरचे घड्याळ मिळते. ८०८५ए साठी एका चक्राचा काळ ३२० नॅनोसेकंदांपेक्षा कमी आणि २,००० नॅनोसेकंदांपेक्षा जास्त असू नये, म्हणून क्रिस्टल १ ते ६.२५ मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यान निवडावे लागते. खालची मर्यादा नवख्यांच्या लक्षात येत नाही. या चिपच्या आतली माहिती ठरावीक वेळात ताजी व्हावी लागते, त्यामुळे बटण दाबून एकेक ठोका देत ८०८५ए चालवता येत नाही. एकेक पाऊल चालवायचेच असेल तर रेडी पिन खाली धरून त्याला थांबवावे लागते.

तिसरी गोष्ट पिनांच्या ताकदीची. पिन खाली असताना ती २ मिलिअँपिअर आत ओढू शकते, पण वर असताना जेमतेम ०.४ मिलिअँपिअर बाहेर देते आणि तेव्हाचे व्होल्टेज २.४ पर्यंत उतरू शकते. यातून दोन नियम निघतात. एलईडी नेहमी +५ व्होल्टकडून रोधातून पिनेकडे जोडावा, म्हणजे पिन खाली गेली की तो पेटेल. आणि शेजारच्या लॉजिक चिप ७४एलएस किंवा ७४एचसीटी या मालिकेतल्याच घ्याव्यात. साध्या ७४एचसी मालिकेला ५ व्होल्टवर '१' ओळखायला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात आणि ८०८५ तेवढ्याची हमी देत नाही. अशी जोडणी कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष सापडता सापडत नाही.

चौथी गोष्ट वेळेची. पत्ता बाहेर पडल्यापासून डेटा हजर होईपर्यंत मेमरीला मिळणारा वेळ चक्राच्या अडीच पटीतून २२५ नॅनोसेकंद वजा करून येतो. ३२० नॅनोसेकंदांच्या चक्राला तो ५७५ भरतो. वाचनाचा संकेत खाली गेल्यापासूनचा वेळ दीड पटीतून १८० वजा करून मिळतो, म्हणजे ३०० नॅनोसेकंद. आज मिळणारी १५० नॅनोसेकंदांची मेमरी यात आरामात बसते, त्यामुळे प्रोसेसरला थांबवणारी जादा जुळणी लागत नाही.

पाचवी गोष्ट रीसेटनंतरच्या स्थितीची. पत्ता ००००एच पासून काम सुरू होते, इंटरप्ट बंद असतात, आरएसटी ५.५, ६.५ व ७.५ हे तीन इंटरप्ट झाकलेले असतात आणि एका-एका बिटाने माहिती बाहेर पाठवणारी एसओडी पिन खाली असते. त्यामुळे कायम टिकणारी मेमरी ००००एच वरच असली पाहिजे, ही मेमरीच्या मांडणीतली पहिली अट ठरते.

रजिस्टरांबद्दल थोडक्यात: ए हा संचयक, बी, सी, डी, ई, एच, एल ही ८ बिटांची सहा रजिस्टरे जोडीने १६ बिटांसारखी वापरता येतात, स्टॅक पॉइंटर (परतीचे पत्ते तात्पुरते ठेवायच्या मेमरीतल्या जागेचा, म्हणजे स्टॅकचा पत्ता) आणि प्रोग्राम काउंटर (पुढच्या आज्ञेचा पत्ता) १६ बिटांचे, आणि निकालाची स्थिती दाखवणारे पाच फ्लॅग. पत्त्याच्या १६ बिटांमुळे ६४ किलोबाइट मेमरीपर्यंत पोहोचता येते.

सामान

८०८५ए किंवा ८०८५एएच, २ मेगाहर्ट्झ आणि ६.१४४ मेगाहर्ट्झचे प्रत्येकी एक क्रिस्टल, ७४एचसीटी५७३ लॅच, ७४एचसीटी१३८ डीकोडर, ७४एचसीटी१४ (संकेत उलटवणारी चिप), २८सी६४ ही विजेने पुसता येणारी ८ किलोबाइटची मेमरी, ६२६४ ही ८ किलोबाइटची रॅम, काही ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, १० किलोओहम व २.२ किलोओहम रोध, एलईडी आणि दोन-तीन चांगल्या प्रतीचे ब्रेडबोर्ड एवढे मुख्य सामान लागते; बाकीचे किरकोळ भाग त्या त्या पायरीत सांगितले आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत यातले बरेच मिळते. जुन्या बोर्डावरून काढलेल्या चिपही बाजारात असतात, म्हणून ८०८५ शक्यतो दोन घ्याव्यात. २८सी६४ ऐवजी जुनी २७सी६४ चालते, पण ती पुसायला अतिनील दिवा लागतो आणि प्रत्येक चुकीनंतर वाट पाहावी लागते.

७४एलएस३७३ आणि ७४एचसीटी५७३ यांचे काम एकच आहे. तरी ५७३ घ्यावी, कारण तिच्या आत येणाऱ्या पिना एका बाजूला आणि बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला ओळीने आहेत. आठ तारा सरळ जातात आणि चूक झाली तर डोळ्यांना दिसते.

पायरी १: पुरवठा आणि मोकळ्या पिनांचा बंदोबस्त

पिन ४० ला +५ व्होल्ट आणि पिन २० ला जमीन (ग्राउंड, म्हणजे पुरवठ्याचे ० व्होल्टचे टोक) जोडावी. दोन्हींच्या मध्ये, चिपच्या शक्य तितक्या जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा; पुढे येणाऱ्या प्रत्येक चिपला तसाच एक द्यावा. ब्रेडबोर्डच्या पुरवठा पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असू शकतात, ते मल्टिमीटरने आधीच तपासावे.

आत येणारी एकही पिन लोंबकळत ठेवू नये. रेडी (पिन ३५) +५ व्होल्टला जोडावी, कारण ती खाली राहिली तर प्रोसेसर कायम वाट पाहत थांबेल. होल्ड (३९), आयएनटीआर (१०), आरएसटी ५.५ (९), आरएसटी ६.५ (८), आरएसटी ७.५ (७), ट्रॅप (६) आणि एसआयडी (५) या जमिनीला जोडाव्यात. यातली ट्रॅप सर्वांत महत्त्वाची, कारण तो इंटरप्ट कोणत्याही आज्ञेने बंद करता येत नाही आणि मोकळ्या पिनेवरचा गोंगाटही प्रोसेसरला भलत्याच पत्त्यावर नेऊ शकतो. आरडी (३२) आणि डब्ल्यूआर (३१) या बाहेर जाणाऱ्या पिना असल्या तरी रीसेटमध्ये आणि हॉल्ट (आज्ञेने थांबलेल्या) स्थितीत प्रोसेसर त्यांना सोडून देतो. म्हणून दोन्हींना १० किलोओहमचा रोध लावून +५ व्होल्टकडे खेचून ठेवावे.

पायरी २: घड्याळ आणि रीसेट

सुरुवातीला २ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल पिन १ आणि २ यांच्यामध्ये बसवावे. ४ मेगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या क्रिस्टलसाठी पिन २ पासून जमिनीपर्यंत २० पिकोफॅरडचा कपॅसिटर डेटाशीट सांगते. तो लावला नाही तर ऑसिलेटर चुकीच्या वारंवारतेवर सुरू होऊ शकतो. तारा आखूड ठेवाव्यात.

रीसेट इन (३६) ही पिन खाली असताना प्रोसेसर रीसेटमध्ये राहतो. पुरवठा स्थिर झाल्यावर किमान १० मिलिसेकंद ती खाली राहायला हवी. +५ व्होल्टकडून ७५ किलोओहम आणि जमिनीकडे १ मायक्रोफॅरड जोडले की ७५ मिलिसेकंदांचा कालस्थिरांक मिळतो आणि ही अट सहज पुरी होते. वीज बंद करताच कपॅसिटर रिकामा व्हावा म्हणून रोधाला समांतर एक डायोड, पट्ट्याची बाजू +५ व्होल्टकडे ठेवून, लावावा. कपॅसिटरच्या दोन टोकांना बटण जोडले की हाताने रीसेट देता येतो.

आता वीज द्यावी आणि सीएलके आउट (३७) वर १ मेगाहर्ट्झ आहे का ते पाहावे. ऑसिलोस्कोप नसेल तर वारंवारता मोजणारा मल्टिमीटर चालतो. तोही नसेल तर ७४एचसीटी४०४० या गणकाने ४,०९६ ने भागून ते पिझो स्पीकरला द्यावे. २४४ हर्ट्झचा सूर कानाला स्पष्ट ऐकू येतो. रीसेटचे बटण दाबल्यावर रीसेट आउट (३) वर जाते आणि सोडल्यावर खाली येते, हेही पाहून घ्यावे. इथे घड्याळच नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही: पुरवठा, क्रिस्टल आणि चिप या क्रमाने शोध घ्यावा.

पायरी ३: मेमरीशिवाय धावणारा प्रोसेसर

हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि किटवर तो कधीच करता येत नाही. 'काहीही करू नका' या आज्ञेचा कोड ००एच आहे. प्रोसेसरने कुठल्याही पत्त्यावरून वाचले तरी त्याला शून्यच मिळाले, तर तो ००००एच पासून एफएफएफएफएच पर्यंत चालत जाईल आणि पुन्हा सुरुवात करेल.

त्यासाठी एडी० ते एडी७ (पिन १२ ते १९) या आठही पिनांना १० किलोओहमच्या रोधांतून जमिनीकडे खेचावे. त्या थेट जमिनीला जोडू नयेत, कारण प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला प्रोसेसर त्यांच्यावरच पत्ता बाहेर टाकतो आणि थेट जोडणीने त्या पिनांना इजा होऊ शकते. २ मेगाहर्ट्झचे मंद क्रिस्टल घेण्याचे कारणही इथेच आहे. रोधातून तार खाली यायला थोडा वेळ लागतो. ब्रेडबोर्डची धारिता ५० पिकोफॅरड धरली तर तो साधारण ०.८ मायक्रोसेकंद होतो. वर दिलेल्या सूत्राने १ मेगाहर्ट्झ घड्याळाला वाचनाच्या संकेतापासून १.३२ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे पुरेसा अवकाश राहतो. जलद क्रिस्टलवर मिळणाऱ्या ०.३ मायक्रोसेकंदांत हे जमणार नाही.

ए१५ (पिन २८) ला एलईडी आणि २.२ किलोओहमचा रोध +५ व्होल्टकडून जोडावा. एका 'काहीही करू नका' आज्ञेला चार टी-स्टेट (घड्याळाची चक्रे), म्हणजे इथे ४ मायक्रोसेकंद लागतात. ६५,५३६ पत्ते गुणिले ४ मायक्रोसेकंद म्हणजे ०.२६ सेकंद, एलईडी सेकंदाला जवळजवळ चार वेळा लुकलुकायला हवा. ए१४ (२७) वर त्याच्या दुप्पट वेग दिसेल.

एलईडी स्थिर राहिला तर डब्ल्यूआर पिन तपासावी. या चाचणीत प्रोसेसर काहीच लिहीत नाही, म्हणून ती पिन कधीही खाली जाता कामा नये. ती खाली जात असेल तर प्रोसेसरला ००एच ऐवजी बहुधा एफएफएच मिळत आहे. एफएफएच हा आरएसटी ७ या आज्ञेचा कोड असल्यामुळे तो दर वेळी स्टॅकवर पत्ता लिहून ००३८एच वर उडी मारत राहतो. एखादा रोध नीट बसलेला नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

पायरी ४: पत्ता आणि डेटा वेगळे करणे

आता खेचणारे आठ रोध काढून टाकावेत आणि लॅच बसवावा. एका वाचनचक्रात काय घडते, ते आधी डोळ्यांसमोर आणावे. पहिल्या टी-स्टेटमध्ये ए८ ते ए१५ वर पत्त्याचा वरचा अर्धा भाग आणि एडी पिनांवर खालचा अर्धा भाग येतो. त्याच वेळी एएलई वर जाऊन खाली येते. दुसऱ्या टी-स्टेटमध्ये प्रोसेसर एडी पिना सोडून देतो आणि आरडी खाली ओढतो. तिसऱ्यात त्याच पिनांवर मेमरीने ठेवलेला डेटा तो उचलतो. आज्ञेचा कोड आणायचे चक्र असेल तर चौथ्या टी-स्टेटमध्ये त्या कोडचा अर्थ लावला जातो.

लॅचने एवढेच करायचे आहे: एएलई वर असताना आत आलेला पत्ता बाहेर दाखवायचा आणि एएलई खाली गेल्यावर तो पुढच्या चक्रापर्यंत धरून ठेवायचा. एडी० ते एडी७ लॅचच्या आठ प्रवेशांना, एएलई (पिन ३०) लॅचच्या पिन ११ ला आणि लॅचची पिन १ जमिनीला जोडावी. लॅचच्या बाहेर मिळतात त्या ए० ते ए७. एएलई आणि लॅच यांच्यामध्ये चुकून उलटवणारे गेट आले, तर लॅच पत्त्याऐवजी डेटा पकडतो.

पायरी ५: मेमरीला जागा नेमून देणे

रीसेटनंतर काम ००००एच वर सुरू होत असल्याने तिथे २८सी६४ ठेवू आणि तिच्या लगेच पुढे रॅम. दोन्ही ८ किलोबाइटच्या आहेत, म्हणजे प्रत्येकीला ए० ते ए१२ अशा १३ तारा लागतात आणि उरलेल्या ए१३, ए१४, ए१५ या तीन तारा डीकोडरला देता येतात. ७४एचसीटी१३८ च्या तीन निवड प्रवेशांना त्या जोडल्या की ६४ किलोबाइटचे आठ समान भाग पडतात. वाय० हा निर्गम ००००एच ते १एफएफएफएच साठी खाली जातो. तो २८सी६४ च्या पिन २० ला द्यावा. वाय१ हा २०००एच ते ३एफएफएफएच साठी. तो ६२६४ च्या पिन २० ला. रॅमची पिन २६ +५ व्होल्टला बांधावी.

डीकोडरला चालू-बंद करणारे तीन प्रवेशही आहेत. पिन ६ +५ व्होल्टला, पिन ५ जमिनीला आणि पिन ४ प्रोसेसरच्या आयओ/एम (३४) या पिनेला जोडावी. ही पिन खाली असते तेव्हा प्रोसेसर मेमरीशी बोलत असतो. ती वर गेली की डीकोडर गप्प बसतो आणि आयओच्या (बाहेरच्या उपकरणांशी होणाऱ्या) व्यवहारात मेमरी मध्ये येत नाही.

आरडी ही तार दोन्ही मेमरींच्या पिन २२ ला जाते. डब्ल्यूआर फक्त रॅमच्या पिन २७ ला द्यावी; २८सी६४ ची पिन २७ कायम +५ व्होल्टला बांधावी, नाहीतर भरकटलेला कार्यक्रम स्वतःचाच कोड पुसू शकतो. मेमरींच्या डेटा पिना थेट एडी० ते एडी७ ला जोडायच्या, लॅचच्या पुढच्या बाजूला नाही.

पायरी ६: पहिला कार्यक्रम

पहिला कार्यक्रम रॅमला स्पर्शही करणार नाही असा असावा, म्हणजे दोष आला तर शोधाची जागा कमी होते. एसओडी (पिन ४) ही पिन सिम आज्ञेने थेट वर-खाली करता येते. संचयकाचा सर्वांत वरचा बिट म्हणजे पिनेवर ठेवायची किंमत, आणि त्याखालचा बिट म्हणजे ती किंमत खरोखर ठेवण्याची परवानगी. म्हणून सी०एच ने पिन वर जाते आणि ४०एच ने खाली येते. एलईडी मघासारखाच +५ व्होल्टकडून जोडावा.

आता ६.१४४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल बसवावे आणि २० पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून टाकावा. घड्याळ ३.०७२ मेगाहर्ट्झ होते. विलंबाच्या फेऱ्यात चार आज्ञा आहेत: बीसी जोडी एकने कमी करणे ६ टी-स्टेट, बी ची नक्कल ए मध्ये ४, सी शी 'किंवा' ४, आणि शून्य नसेल तर उडी १०. एकूण २४ टी-स्टेट म्हणजे बरोबर ७.८१२५ मायक्रोसेकंद. अर्ध्या सेकंदासाठी ६४,००० फेऱ्या लागतात आणि ६४,००० म्हणजे एफए००एच. मधली 'किंवा'ची आज्ञा अनावश्यक वाटते, पण १६ बिटांची जोडी कमी करणारी आज्ञा शून्याचा फ्लॅग बदलत नाही, म्हणून जोडी शून्य झाली का हे असेच तपासावे लागते.

००००एच पासूनचे २७ बाइट असे आहेत:

३ई सी० ३० ०१ ०० एफए ०बी ७८ बी१ सी२ ०६ ०० ३ई ४० ३० ०१ ०० एफए ०बी ७८ बी१ सी२ १२ ०० सी३ ०० ००

१६ बिटांच्या संख्येत खालचा बाइट आधी येतो, त्यामुळे एफए००एच हे ०० एफए असे लिहिले आहे. मेमरी प्रोग्रामरमध्ये हे भरून चिप जागेवर बसवावी. रीसेटमध्ये एलईडी पेटलेला राहतो, कारण एसओडी तेव्हा खाली असते. रीसेट सुटला की तो अर्धा सेकंद विझतो, अर्धा सेकंद पेटतो. मनगटी घड्याळाशी ताडून पाहिले तर एका मिनिटात ६० वेळा लुकलुक झाली पाहिजे. वेग जुळला की क्रिस्टल, लॅच, डीकोडर आणि मेमरी हे सगळे एकाच वेळी बरोबर ठरतात. एलईडी मुळीच हलला नाही तर आधी एडी तारांचा क्रम तपासावा. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका तिथेच होतात.

पायरी ७: रॅम, स्टॅक आणि इंटरप्ट

८०८५ चे इंटरप्ट पत्ते पाठ करावे लागत नाहीत. आरएसटीच्या आकड्याला ८ ने गुणले की पत्ता मिळतो: ५.५ साठी ४४ म्हणजे ००२सीएच, ६.५ साठी ५२ म्हणजे ००३४एच, ७.५ साठी ६० म्हणजे ००३सीएच. ट्रॅप हा या हिशेबात ४.५ असून त्याचा पत्ता ००२४एच आहे. जुन्या आठ आरएसटी आज्ञांच्या पत्त्यांमध्ये हे नवे पत्ते बसवल्यामुळे प्रत्येकाला चारच बाइटांची जागा उरते, म्हणून तिथे फक्त तीन बाइटांची उडी ठेवून खरे काम दुसरीकडे करायचे असते.

आरएसटी ७.५ हा वर जाणाऱ्या कडेवर चालतो आणि ती कड आतल्या फ्लिप-फ्लॉपमध्ये लक्षात ठेवली जाते, ६.५ आणि ५.५ यांना मात्र संकेत टिकून राहावा लागतो. बटणासाठी ७.५ सोयीचा आहे. पिन ७ जमिनीपासून सोडवून ७४एचसीटी१४ च्या निर्गमाला जोडावी. गेटच्या प्रवेशाला +५ व्होल्टकडून १० किलोओहम, जमिनीकडे १ मायक्रोफॅरड आणि बटण १०० ओहममधून जमिनीकडे द्यावे. म्हणजे बटण दाबताना आणि सोडताना होणारी संपर्काची थरथर गिळली जाते. त्या चिपचे उरलेले प्रवेश जमिनीला बांधावेत.

कार्यक्रम चार ठिकाणी ठेवायचा आहे:

००००एच: सी३ ४० ००

००३सीएच: सी३ ६० ००

००४०एच: ३१ ०० ४० ३ई १बी ३० ३ई ४० ३२ ०० २० एफबी ७६ सी३ ४सी ००

००६०एच: एफ५ सी५ ३ए ०० २० ईई ८० ३२ ०० २० ३० ०१ ०० ०ए ०बी ७८ बी१ सी२ ६ई ०० ३ई १० ३० सी१ एफ१ एफबी सी९

मुख्य भागात स्टॅक पॉइंटर ४०००एच वर नेला आहे. लिहिण्याआधी तो कमी होत असल्यामुळे पहिला बाइट रॅमच्या शेवटच्या, म्हणजे ३एफएफएफएच या जागेत पडतो. नंतर १बीएच देऊन सिमने ७.५ उघडला, बाकीचे दोन झाकलेले ठेवले आणि आधीची लक्षात राहिलेली कड पुसली. एलईडीची सध्याची किंमत २०००एच या जागेत ठेवली, इंटरप्ट सुरू केले आणि प्रोसेसर हॉल्टमध्ये गेला.

बटण दाबले की ००६०एच वरचा भाग चालतो. तो रजिस्टरे स्टॅकवर ठेवतो, रॅममधली किंमत वाचून तिचा वरचा बिट उलटवतो, परत लिहितो आणि सिमने पिनेवर पाठवतो. त्यानंतर ०ए००एच, म्हणजे २,५६० फेऱ्यांचा विलंब आहे, ७.८१२५ मायक्रोसेकंदांनी गुणले की बरोबर २० मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात एखादी चुकार कड आत नोंदली गेली असेल तर १०एच देऊन ती पुसली जाते. इंटरप्ट पुन्हा सुरू करणारी आज्ञा तिच्यानंतरची एक आज्ञा पूर्ण झाल्यावरच लागू होते, म्हणून परत जाण्याची आज्ञा आधी पार पडते आणि लागोपाठ इंटरप्ट आले तरी स्टॅक वाढत जात नाही.

प्रत्येक दाबण्याला एलईडीची स्थिती एकदाच पालटली, की रॅमचे वाचन, लेखन आणि स्टॅक तिन्ही काम करत आहेत. पहिल्या दाबण्याला प्रतिसाद मिळून नंतर काहीच झाले नाही, तर परतीचा पत्ता रॅममधून चुकीचा परत येत आहे, असे समजावे आणि डब्ल्यूआरची तार, रॅमची पिन २६ व वाय१ या क्रमाने पाहावे. एका दाबण्याला दोनदा पालट झाला तर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याचा जमिनीशी असलेला जोड तपासावा. एकही प्रतिसाद नसेल तर हॉल्टमध्ये असताना आरडी आणि डब्ल्यूआर वरच आहेत ना, हे मीटरने पाहावे; नंतर बटण दाबताना पिन ७ खरोखर वर जाते का ते तपासून १बीएच हा बाइट मेमरीत बरोबर भरला गेला आहे का, याची पडताळणी करावी.